अत्युत्कृष्ट व्हायचंय? मग कामाच्या नादी लागू नका

अभिनंदन! परीक्षा, मुख्य परीक्षा, निकाल, न्यायालयीन स्थगिती, पुन्हा निकाल असं सगळं पार करून तुम्ही एकदाचे मंत्रालयात रुजू झालात. घरच्यांची समजूत अशी की तुम्ही तिथे काम करायला जाता. ती मोडू नका, वडीलधाऱ्यांना या वयात धक्का बरा नव्हे. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात मनाशी पक्कं करा, की शासनाला तुमच्या कामाशी नाही, तुमच्या कार्यमूल्यमापन अहवालाशी देणंघेणं आहे. विभागीय पदोन्नती समिती बसते ती अहवाल उघडून. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या टप्प्यावर मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ अहवाल बघून. पन्नाशी-पंचावन्नीला ‘हा माणूस पुढे ठेवायचा का’ हे ठरवणारी समितीही अहवालच चाळते. तुम्ही वर्षभरात ज्या नस्त्या, म्हणजे फायली, मार्गी लावल्या, त्यांतली एकही त्या टेबलावर नसते. तेव्हा ज्या कागदांना पुढे कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी रक्त आटवायचं, आणि ज्या चार पानांवर निवृत्तिवेतनापर्यंतचं सगळं लटकलेलं आहे ती मार्चअखेरच्या गडबडीत कशीतरी खरडायची, हा व्यवहार शहाण्या माणसाचा नाही.

आधी प्रतवारी समजून घ्या. आपल्याकडे ‘अ+’ म्हणजे अत्युत्कृष्ट, ‘अ’ उत्कृष्ट, ‘ब+’ निश्चित चांगला, ‘ब’ नुसता चांगला, ‘ब-’ साधारण आणि ‘क’ साधारणपेक्षा कमी. ‘ब’वाला चांगला आहे खरा, पण शासन त्याबद्दल पैज लावायला तयार नाही, एवढं यातून कळतं. ‘चांगला’ या शेऱ्याला मात्र भ्यायला शिका. सीमाभागातले रस्ते बांधणाऱ्या केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेत एक कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला आणि अधीक्षक अभियंतापदाची बढती हुकली, कारण त्या पदाला ‘अतिशय चांगला’ असणं भाग होतं. हा शेरा आम्हाला का कळवला नाही, असं त्यांनी विचारलं. सरकारचं म्हणणं असं की प्रतिकूल शेरेच कळवायचे असतात, ‘चांगला’ हा काही प्रतिकूल नव्हे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की ज्या ‘चांगल्या’मुळे माणूस बढतीतून बाद होतो तो त्याच्यापुरता वाईटच, तेव्हा यापुढे प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवा. २००९ पासून केंद्रात अख्खा अहवाल दाखवायची पद्धत सुरू झाली. तोवर कित्येकांनी आपण चांगले आहोत या आनंदात निवृत्ती घेतली असेल.

पुढे २०१६ मध्ये, सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी स्वीकारताना, केंद्राने ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या आर्थिक बढतीसाठीही किमान शेरा ‘चांगला’ऐवजी ‘अतिशय चांगला’ असा केला. उद्देश हा की कर्मचाऱ्यांनी आणखी चांगलं काम करावं. कर्मचाऱ्यांना त्यासाठी काहीच करावं लागलं नाही, साहेबांनीच सगळ्यांना एक पायरी वर नेऊन बसवलं.

दिल्लीला प्रतिनियुक्तीवर जायचा योग आला तर तिथला गुणांचा तक्ता पाठ करा. १ ते १० गुण. ८ ते १० म्हणजे उत्कृष्ट, ६ पासून ८ च्या आत अतिशय चांगला, ४ पासून ६ च्या आत चांगला, आणि ४ च्या खाली गेलात की बढतीच्या हिशेबात तुमच्या नावावर शून्य. आता त्याच सूचनांमधली पुढची ओळ वाचा. ९ किंवा १० द्यायचे तर नेमकी कोणती कामगिरी केली ते लिहा, १ किंवा २ द्यायचे तर नेमकं काय बिघडवलं ते लिहा. उत्कृष्टपणा सुरू होतो ८ ला आणि खुलासा सुरू होतो ९ ला. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे मुक्काम टाका. ८.३, ८.५, फार तर ८.७. इथे तुम्ही उत्कृष्ट असता आणि का, हे कोणी विचारत नाही.

खाली ढकलले जाल ही भीती बाळगू नका. साहेबाला खराब शेरा मारायची हुक्की आलीच, तर त्याच्यामागे काय काय लागतं याची त्याला कल्पना असते. वर्षभरात लेखी समज दिली होती का, तिची प्रत कुठे आहे, पोच घेतली का, सुधारायची संधी दिली का. मग शेरा तुम्हाला कळवायचा, तुमचं अभिवेदन, म्हणजे त्यावरचं लेखी म्हणणं, घ्यायचं, त्यावर अभिप्राय द्यायचे, आणि शेवटी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, शपथपत्र करायचं. ज्याला स्वतःच्या शाखेतल्या मुदत टळलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला सवड नाही, तो तुमच्यासाठी एवढा उपद्व्याप करील होय? शिवाय हिशेब सरळ आहे. खराब शेऱ्याचा माणूस जागचा हलत नाही, चांगल्या शेऱ्याचा बढती घेऊन दुसऱ्या विभागाच्या माथी जातो. कामचुकाराच्या अहवालात ‘नेतृत्वगुण वाखाणण्याजोगे’ असं का लिहिलेलं असतं, ते आता लक्षात येईल.

एक रकाना तेवढा तपासून घ्या, सचोटीचा. केंद्राच्या जुन्या सूचना अशा आहेत की सचोटीबद्दल शंका असेल तर रकाना कोरा सोडावा आणि वेगळी गोपनीय टिपणी करावी. बाकी साडेतीन पानं स्तुतीने भरली असतील आणि एवढाच चौकोन कोरा असेल, तर स्तुती वाचत बसू नका, वकील गाठा.

आता स्वयंमूल्यमापन. इथे बहुतेक नवखे घसरतात, कारण ते काय केलं ते लिहितात. ‘२१४ प्रकरणं निकाली काढली’ असं लिहिलंत की कोणी तरी विचारणार, एकूण किती होती? म्हणून क्रियापदं जपून निवडा. ‘समन्वय साधला’, ‘पाठपुरावा केला’, ‘संनियंत्रण केले’, ‘क्षेत्रीय यंत्रणेस वेळोवेळी मार्गदर्शन केले’. या क्रियापदांचं वैशिष्ट्य असं की ती केल्यानंतर जगात काही बदललं पाहिजे अशी अटच नसते. उद्दिष्टं ठरवायचा अधिकार मिळाला तर जे आपोआप होणारच आहे तेच उद्दिष्ट ठेवा. आढावा बैठका, उद्दिष्ट १२, साध्य १४, टक्केवारी ११७. बैठकीत काय ठरलं, हा रकाना त्या नमुन्यात नाही. कोणी तो घालायचा प्रस्ताव आणलाच तर त्यावरही एक बैठक लावा, साध्य १५ होईल.

हे मी मनचं सांगतोय असं वाटत असेल तर केंद्रातला एक थोर प्रयोग सांगतो. २००९ मध्ये कॅबिनेट सचिवालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक मंत्रालयासाठी ‘रिझल्ट्स फ्रेमवर्क डॉक्युमेंट’ सुरू झालं. वर्षाच्या सुरुवातीला मंत्रालयाने उद्दिष्टं लिहायची, प्रत्येकाला भारांक द्यायचा, बाहेरच्या जाणकारांच्या गटाने ती तपासायची, आणि वर्षअखेर शंभरपैकी गुण. कल्पना खरोखर बरी होती, मंत्र्यासचिवांना वर्षातून एकदा तरी ‘आपण नेमकं करतो काय’ असा प्रश्न पडायची त्यात सोय होती. पण काही उद्दिष्टं सगळ्यांना सक्तीची होती आणि त्यांतलं एक होतं, हे डॉक्युमेंट वेळेवर सादर करणं. गुणपत्रिका वेळेत जमा केली म्हणून गुणपत्रिकेत गुण! २०१४ नंतर ती पद्धत गुंडाळली गेली. तुम्ही मात्र तिच्यातलं हे एक कलम देव्हाऱ्यात ठेवा.

यानंतर येतो आपला खास विषय, नस्ती. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला हेवा वाटावा असा कायदा केला आहे. त्याच्या नावात बदल्यांचं विनियमनही आहे आणि विलंबास प्रतिबंधही आहे, साल २००५, आणि पूर्ण नाव उच्चारेपर्यंत अर्धा विलंब होऊन जातो. त्याच्या दहाव्या कलमात म्हटलंय की कोणतीही नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. नीट वाचा, ‘कर्मचाऱ्याकडे’. कायदा तुमचं टेबल मोजतो. अर्जदार किती दिवस खेटे घालतोय हे मोजायला त्याला टेबल कुठाय?

समजा, जिल्हा परिषदेच्या एका शिक्षिकेच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव तुमच्याकडे आला. पहिले पाच दिवस त्याला हात लावू नका. सहाव्या दिवशी उघडा आणि एक शंका काढा. एकच! ‘रुग्णालयाच्या देयकाची प्रत सुवाच्य नाही.’ प्रस्ताव वर पाठवा. वर जाताना पाच टेबलं, खाली येताना चार, प्रत्येकाकडे सहा-सहा दिवस. झाले कामाचे ५४ दिवस, आणि सातच्या नियमाला कोणी धक्काही लावलेला नाही. कोणी जागरूक माणूस म्हणेल, याच कलमात पुढे असंही आहे की दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत अंतिम निर्णय व्हायला हवा. हवाच. म्हणून चाळिसाव्या दिवसाच्या आसपास प्रस्ताव ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ जिल्ह्याकडे परत करायचा. परत केला की तुमच्याकडची नस्ती निकाली. तिकडून सुवाच्य प्रत येईल तेव्हा तो नवा प्रस्ताव, नवा आवक क्रमांक, नवी तारीख. मग दुसरी शंका, ‘आजार तातडीच्या यादीत मोडतो काय, तपासून सादर करावे.’ तिसऱ्या खेपेला वित्त विभागाचे अभिप्राय. तिन्ही शंका पहिल्याच दिवशी सुचल्या असल्या तरी एकदम विचारू नयेत. एकदम विचारल्यात तर प्रकरण एकदाच निकाली निघेल, एकेक विचारलीत तर तीनदा. मासिक गोषवाऱ्यात तुमची कामगिरी तिप्पट दिसेल आणि शिक्षिकाबाईंच्या शस्त्रक्रियेचा टाका सुकून त्यांच्या मुलीचं लग्न होईपर्यंत तुमच्या शाखेत प्रलंबित नस्त्या शून्य राहतील.

ई-ऑफिस आल्यावर हे अवघड होईल अशी भीती काहींना वाटत होती, कारण प्रत्येक हालचालीवर वेळेचा शिक्का पडतो. झालं उलट. पूर्वी नस्ती दुसऱ्याकडे ढकलायला शिपाई लागायचा, तो जागेवर नसायचा. आता एक कळ दाबली की पुरे. रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी ढकललीत तर वरून ‘उशिरापर्यंत काम करतात’ अशी ख्याती होते.

‘कृपया चर्चा करावी’ या तीन शब्दांवर खरं तर स्वतंत्र प्रबंध व्हावा. हे लिहिलं की नस्ती तुमच्याकडे नसते, खालच्याकडेही नसते, ती चर्चेत असते. चर्चेला किती दिवस लागावेत यावर कुठल्याही कायद्यात कलम नाही. टिपणीवर मताची एक ओळ लिहिण्यापेक्षा हे सगळ्या दृष्टीने बरं. निर्णय घेणाऱ्याची सही नस्तीवर राहते. पाच वर्षांनी महालेखापालांचा परिच्छेद निघतो, लोकलेखा समिती साक्षीला बोलावते, विधानसभेत तारांकित प्रश्न येतो, तेव्हा सगळ्यांची बोटं त्या सहीवर टेकतात. निर्णय न घेतल्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याला नुकसान करणाऱ्याचं नावच ठाऊक नसतं. मला विचाराल तर सरकारी कामगिरीच्या मोजमापातला मोठा घोळ इथेच आहे, आणि तो इतक्या वर्षांत कुठल्याही नमुन्यात दुरुस्त झालेला नाही. पण तुम्ही मला कशाला विचाराल, तुम्हाला ‘अ+’ हवाय.

हजेरीचं फारसं मनावर घेऊ नका. सकाळी पावणेदहाला यंत्रासमोर बोट किंवा चेहरा दाखवला आणि संध्याकाळी सव्वासहाला पुन्हा दाखवला की मधलं सगळं यंत्र विश्वासाने मानतं. केंद्राने तर २०१४ पासून हजेरीचा फलक इंटरनेटवर टाकला, कोण आलं ते कोणालाही पाहता यावं म्हणून. आल्यावर काय केलं याचा फलक अजून तरी निघालेला नाही.

प्रशिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष नको. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं आणि कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं दालनच उघडलं. त्यात खरंच शिकण्यासारखं पुष्कळ आहे असं म्हणतात. तुम्हाला प्रमाणपत्राशी मतलब. वेळेच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम कार्यालयीन वेळेतच लावून द्या आणि आवाज बंद करून चहाला जा. परत येईपर्यंत व्यवस्थापन झालेलं असेल.

मोहिमा येतात आणि जातात, प्रत्येकीत फोटो काढून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात शंभर दिवसांची मोहीम झाली. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, क्षेत्रीय भेटी वगैरे सात मुद्द्यांवर कार्यालयांना जोखलं गेलं. मुद्दे वाईट नव्हते, पहिल्यांदाच पिण्याचं पाणी आणि बसायला बाकडं मिळालेले अभ्यागत त्याला दुवाही देतील. पण तुम्ही कुठे जोर लावायचा ते ओळखा. तक्रार निवारणात तक्रारदार असतो, आणि तो पुन्हा येऊन ‘निवारण झालं नाही’ म्हणू शकतो. कपाटाला लावलेला रंग परत येऊन काही बोलत नाही. सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावा, गठ्ठ्यांना रंगीत फडकी बांधा, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो एकाच कोनातून घ्या. गठ्ठ्यात काय आहे ते पाहायला कोणी गाठ सोडत नाही, फडकं चुरगळतं.

राहता राहिले साहेब. साहेबांच्या हाताखाली किमान तीन महिने काढल्याशिवाय त्यांना तुमचा अहवाल लिहिता येत नाही, हा नियम तुमचा कुळाचार समजा. कडक साहेब डिसेंबरात आले असतील तर सावध, जानेवारीच्या मध्यावर आले असतील तर खुशाल झोपा. एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम. ज्यांची ऑर्डर निघाली आहे ते साहेब या काळात फार उदार असतात, आता तुमच्याशी पुन्हा गाठ पडायची नाही या आनंदात ते काय वाटेल ते लिहून देतात. त्यांचा निरोप समारंभ व्हायच्या आत गाठा, मोकळ्या हाताने जाऊ नका. मसुदा तयार करून न्या. ‘साहेब, आपल्याला त्रास नको म्हणून ढोबळ काढून आणलंय.’ मसुद्यात स्वतःची एखादी उणीव जरूर घाला, त्याने तो खरा वाटतो. ‘कामात इतके गुंततात की प्रकृतीकडे दुर्लक्ष होते’ ही उणीव गेली कित्येक वर्षं उत्तम चालली आहे.

असं करत करत पंधरा-वीस वर्षांत तुम्ही स्वतः प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे हाताखालच्यांचे अहवाल लिहिणारे साहेब, व्हाल. तेव्हा तुमच्या टेबलावर पाच-सहा अहवाल येतील. त्यांतले बहुतेक तुमच्याच वळणाचे असतील, त्यांना ‘अ+’ देऊन वाटेला लावा. एक मात्र असतात, त्या बाई. प्रत्येक कार्यासनात, म्हणजे मंत्रालयातल्या शाखेत, एक असतातच. कुठला शासन निर्णय कोणत्या साली निघाला आणि कोणत्या शुद्धिपत्रकाने फिरवला हे त्यांना तोंडपाठ असतं. लक्षवेधीची टिपणी रात्री दहाला हवी असली की सगळे त्यांनाच फोन करतात. जिल्ह्यावरून आलेल्या माणसाला त्या खुर्ची देतात, त्याच्या प्रस्तावातल्या तिन्ही शंका एकाच पत्रात लिहून देतात, आणि त्याचं काम होतंसुद्धा. त्यामुळे त्यांच्या मासिक गोषवाऱ्यात आकडा नेहमी लहान असतो.

त्यांच्या अहवालाशी थोडं थांबा. ‘अ+’ लिहिण्याचा मोह होईल, अजून माणूस आहात. पण त्यांना बढती मिळून त्या दुसऱ्या विभागात गेल्या, तर तुमच्या कार्यासनाचं काम करणार कोण? तुम्ही? म्हणून ‘ब’ लिहा. ‘चांगल्या कर्मचारी’. स्तुती करायला हवी असेल तर खालच्या रकान्यात ‘या कार्यासनासाठी अपरिहार्य’ असं घाला, त्यांनाही बरं वाटेल. नियमाप्रमाणे अहवाल त्यांना दाखवावा लागेल आणि त्यावर अभिवेदन द्यायचा त्यांना हक्क आहे. घाबरू नका. पावसाळी अधिवेशन तोंडावर आहे, अख्ख्या विभागाच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे दिलेली आहेत. अभिवेदन लिहायला त्यांना सवड मिळणार नाही.